भीतीचा रकाना

संरक्षण आदेश मागण्यासाठी न्यायालयात जे कागद दाखल होतात, ते वाचनाच्या ओढीनं कुणी हातात घेत नाही. कारकून ते तपासतो, वकील चाळतो, न्यायदंडाधिकारी त्यातून मुद्दे वेचतात आणि समोरचा पक्ष त्यात खोट शोधतो. तरीही तो एक मजकूर आहे. त्याला निवेदक आहे, काळ आहे, ठरलेली शब्दकळा आहे. आणि तो चांगला उतरला की वाईट, यावर एखादी बाई आज रात्री कुठे झोपणार हे ठरू शकतं. इतकं ओझं वाहणाऱ्या मजकुराची समीक्षा व्हायला हरकत नसावी.

मी ज्या कागदांबद्दल बोलते आहे ते कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याचे. कायदा २६ ऑक्टोबर २००६ रोजी अमलात आला आणि त्याच्या नियमांना काही नमुने जोडले गेले. त्यातले चार इथे महत्त्वाचे. नमुना १ म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल, ज्याला कोर्टात सगळे 'डीआयआर' म्हणतात. नमुना २ म्हणजे कलम १२ खालचा अर्ज. नमुना ३ म्हणजे तातडीच्या आदेशासाठीचं शपथपत्र. नमुना ५ म्हणजे सुरक्षा आराखडा. मूळ मजकूर इंग्रजीत आहे, इथलं मराठी माझं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि माझा बराचसा दिवस लोकांनी भरायच्या फॉर्मवर जातो. कुठला रकाना सक्तीचा ठेवायचा, कुठे टिक करायची सोय द्यायची, कुठे मोकळी जागा सोडायची, याच्या बैठका चालतात. त्यातून एक गोष्ट पक्की कळते. फॉर्म माहिती नुसती गोळा करत नाही. कशाला माहिती म्हणायचं हे तो आधीच ठरवून बसलेला असतो.

यादीचं मोल

नमुना १ मधला चौथा मुद्दा हिंसाचाराच्या घटनांचा. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आर्थिक असे त्याचे भाग पडतात, हुंड्यासाठी होणारा छळ वेगळा येतो, आणि मधल्या भागांत खूण करायच्या चौकटींची लांब यादी आहे. चारित्र्यावर संशय. मुलगा झाला नाही म्हणून अपमान. मूल झालं नाही म्हणून अपमान. नावं ठेवणं. नोकरी करू न देणं. घराबाहेर पडू न देणं. ठरावीक माणसाला भेटू न देणं. पगार हिसकावून घेणं. स्त्रीधन न विचारता विकणं किंवा गहाण टाकणं. घराच्या एखाद्या भागात येऊ न देणं. विजेचं बिल न भरणं.

ही यादी या नमुन्यातला सर्वांत चांगला भाग आहे. विजेचं बिल न भरणं हा हिंसाचार असू शकतो, असं आपल्या बोलीभाषेत कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो, 'तो जरा चिक्कू आहे' किंवा 'त्यांच्याकडे पैशाची ओढाताण आहे.' मारत नाही ना, मग ठीक आहे, हा आपल्याकडचा जुना निकष. यादी तो निकष मोडते. वर्षानुवर्षं ज्याला स्वभाव म्हटलं, नशीब म्हटलं, 'आमच्या घरातली पद्धत' म्हटलं, त्यापुढे एक रिकामी चौकट येते आणि सरकारी भाषा विचारते, हे झालं का? नाव नसलेल्या गोष्टीला नाव देणं हे साहित्याचं काम मानलं जातं. इथे ते एका सरकारी नमुन्यानं केलं आहे.

यादीच्या प्रत्येक भागाच्या शेवटी 'इतर' येतं. आमच्या धंद्यात 'इतर' हा बदनाम पर्याय. रचना करणाऱ्याला जे सुचलं नाही ते तिथे ढकलायचं, आणि मग ते कुणी वाचायचं नाही. पण या कायद्यात 'इतर' पोकळ नाही. संरक्षण आदेशाचं कलम १८ काय काय मनाई करता येईल ते मोजून सांगतं आणि शेवटच्या उपकलमात म्हणतं, आदेशात नमूद केलेली इतर कोणतीही कृती. म्हणजे नमुन्यातल्या 'इतर'पासून आदेशातल्या 'इतर'पर्यंत सरळ वाट आहे. बाईनं इथे नेमकं लिहिलं तर न्यायालयाला तिथे नेमकं लिहिता येतं. ही वाट फार कमी वापरली जाते, आणि त्याचं कारण मजकुराच्या बाकीच्या रचनेत आहे.

ती, तू आणि मी

नमुन्यांतली सर्वनामं पाहण्यासारखी आहेत. सुरुवातीला ती 'व्यथित व्यक्ती' असते, तृतीयपुरुषी. त्या व्यक्तीचं नाव, वय, पत्ता. चौकटींपाशी आलं की मजकूर एकदम तिच्याकडे वळतो: तुम्हाला घरातून काढलं का, तुम्हाला कोणता आदेश हवा आहे, कोणती मदत हवी आहे. शपथपत्रात ती पहिल्यांदा 'मी' होते. ती, तू, मी असा हा प्रवास. नमुने तयार करणाऱ्यांनी तो मुद्दाम आखला असेल असं नाही, पण मला तो योग्य वाटतो. घाबरलेल्या माणसाला आधी लांबून हाक मारावी, मग जवळ बसून विचारावं, आणि शेवटी त्याला स्वतःहून बोलू द्यावं.

अडचण अशी की तिचा 'मी' येईपर्यंत तिच्या वतीनं बरंच बोलून झालेलं असतं. नमुना १ च्या अखेरीस पोलिसांसाठी सूचना आहेत. अहवालातून गुन्हा दिसत असेल तर फौजदारी तक्रारही करता येते असं तिला सांगावं. तिला ती करायची नसेल तर तशी दैनंदिनीत नोंद घ्यावी, आणि त्या नोंदीत कारणही लिहावं: आरोपीशी असलेल्या नात्याच्या जवळिकीमुळे तिला दिवाणी स्वरूपाचे उपाय हवे आहेत.

हे कारण तिला विचारून लिहायचं नाही, ते छापूनच आलेलं आहे. प्रत्यक्षात बाई फौजदारी तक्रार करत नाही याची कारणं किती तरी असतात. तो आत गेला तर घरभाडं कोण देणार. मुलाची दहावी आहे. त्याचा भाऊ त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत राजकारण करतो. माहेरच्यांनी हात वर केले आहेत. यांतलं एकही कारण जवळिकीचं नाही. नमुन्यानं तिच्या हिशेबाला प्रेमाचं नाव देऊन टाकलं. एरवी इतक्या समजूतदार असलेल्या मजकुरातली ही सर्वांत खोटी ओळ आहे.

तारीख, वेळ, ठिकाण

चौकटींपेक्षाही घट्ट साचा घटनांच्या तक्त्याचा. हिंसाचाराची तारीख, ठिकाण, वेळ, कुणी केला, कोणत्या प्रकारचा, शेरा. पोलीस तपासाच्या भाषेत हे बरोबर आहे. घटना म्हणजे काळातला एक बिंदू आणि बिंदूला तारीख असते.

घरातला जाच मात्र बहुतेक वेळा बिंदूंत येत नाही. समजा, एका बाईला खाली गाडीचा स्टँड लागल्याच्या आवाजावरून कळतं की आज तो कसा आहे. आवाज जोरात आला की ती मुलीला शेजारी पाठवते, गॅस बंद करते आणि फोन पिठाच्या डब्यामागे ठेवते. याची तारीख काय लिहायची? त्या संध्याकाळी काही 'घडलं' नसेलही. तो आला, जेवला, झोपला. घटनांच्या तक्त्यात ही संध्याकाळ मावत नाही, पण तिच्या आयुष्याचं वर्णन हीच संध्याकाळ करते. पाच वर्षांत मार चार वेळा बसला असेल आणि स्टँडचा आवाज हजार वेळा आला असेल. तक्ता ते चार मोजतो.

मारहाणीच्या चार तारखाही तिला आठवतील याची खात्री नाही. सणावारानं, आजारपणानं, शाळेच्या परीक्षेनं काळ मोजणाऱ्या माणसाची स्मृती 'गणपतीच्या आधी, धाकटीला ताप होता तेव्हा' अशी असते. तिची तारीख करताना कुणीतरी अंदाज बांधतं, आणि पुढे उलटतपासणीत तोच अंदाज तिच्यावर उलटतो.

'सुरुवातीचे काही दिवस चांगले नांदवले'

तक्त्यात जे मावत नाही ते सांगायला वकिलाचा अर्ज असतो. महाराष्ट्रात तो बहुधा मराठीत लिहिला जातो आणि त्या मराठीचा स्वतःचा घाट आहे. लग्नानंतर सुरुवातीचे काही दिवस सामनेवाला यांनी अर्जदारास चांगले नांदवले. त्यानंतर क्षुल्लक कारणावरून शिवीगाळ व लाथाबुक्क्यांनी मारहाण करण्यास सुरुवात केली. अर्जदारास उपाशीपोटी ठेवले. शारीरिक व मानसिक छळ केला. अंगावरील कपड्यांनिशी घराबाहेर हाकलून दिले. तेव्हापासून अर्जदार माहेरी आश्रित म्हणून राहत आहे.

ही भाषा कीर्तनासारखी आहे. पूर्वरंग सुखाचा, मग वळण, मग दुःख, आणि शेवटी मागणं. तिच्यामागे कारणंही आहेत. ज्या न्यायालयापुढे दिवसभरात प्रकरणांची रांग असते तिथे ओळखीचा साचा लवकर वाचला जातो. लाज वाटणाऱ्या गोष्टी साच्याआड झाकता येतात. 'मानसिक छळ' हे दोन शब्द कितीतरी बायकांनी पदरासारखे वापरले असतील.

पण या साच्यातलं क्रियापद पाहा. 'नांदवणे'. तो नांदवतो, ती नांदते. घर त्याचं, नांदवण्याची कृपा त्याची. २००५ च्या कायद्याचं वैशिष्ट्य हेच की त्यानं 'सामायिक घर' ही कल्पना आणली आणि घर कुणाच्याही नावावर असो, तिथे राहण्याचा हक्क बाईला दिला. ती कल्पनाही सहज रुजली नाही. सासूच्या मालकीचं घर सामायिक घर नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००६ मध्ये, कायदा लागू झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, बत्रा प्रकरणात म्हटलं. तो अर्थ बदलायला ऑक्टोबर २०२० चा आहुजा प्रकरणातला निकाल यावा लागला. नमुना १ मध्ये 'सामायिक घराचा पत्ता' असा साधा एका ओळीचा रकाना आहे. त्या ओळीत सासू-सासऱ्यांच्या घराचा पत्ता निर्धास्तपणे लिहिता यावा म्हणून जवळजवळ चौदा वर्षं गेली. कायद्याची भाषा 'राहण्याचा हक्क' इथवर आली, आणि आपला अर्ज अजून 'नांदवले नाही' अशी तक्रार करतो. हक्काचा दावा करताना मिंधेपणाचं क्रियापद वापरायचं, ही विसंगती कुणाला खटकत नाही.

साच्याचा दुसरा तोटा अधिक रोकडा आहे. एकाच घाटाचे अर्ज वाचून वाचून न्यायालयं त्यांना 'मोघम आरोप' म्हणू लागतात. बाईवर जे गेलं ते मोघम नव्हतं. तिला स्टँडचा आवाज ठाऊक होता, पिठाच्या डब्यामागची जागा ठाऊक होती. तिचं नेमकेपण आपण साच्यात ओतून घालवतो आणि मग नेमकेपण नाही म्हणून तिच्यावरच शंका घेतली जाते.

आम्ही आणि मी

मराठी आत्मकथनांची आठवण इथे येणं साहजिक आहे. बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. महार वस्तीतल्या बायकांना घरात होणारी मारहाण त्यात आहे आणि ती अंगावर येते. पण लेखिकेचा स्वतःचा संसार त्यात जवळपास नाही. माया पंडित यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला, २००८ साली, एक मुलाखत जोडली आहे. नवऱ्याचा संशय, त्याची मारहाण, आणि आपण लिहितो हे वर्षानुवर्षं त्याच्यापासून लपवून ठेवणं, या गोष्टी बेबीताई तिथे सांगतात. आपल्या एकटीचं दुःख वेगळं काढून सांगणं त्यांना पुस्तकात योग्य वाटलं नव्हतं. सगळ्यांचं ते आपलं.

शीर्षकातला 'आमुचं' हा लेखिकेचा निर्णय होता आणि त्या निर्णयानं मराठीला एक मोठं पुस्तक दिलं. न्यायालय मात्र 'आमचं' ऐकू शकत नाही. त्याला एक अर्जदार लागते, एक सामनेवाला लागतो. ज्या संस्कृतीत बाईनं स्वतःच्या दुःखाला 'सगळ्यांचंच असतं' म्हणायला शिकायचं, तिथे कायद्याचा नमुना तिच्याकडून अगदी उलटं कौशल्य मागतो: फक्त तुझं सांग, आणि तारखेसह सांग. हे कौशल्य तिला कोण शिकवणार? शाळेत आपण 'आजारी असल्याने रजा मिळणेबाबत' हा अर्ज शिकतो.

'क' रकाना

आता सुरक्षा आराखड्याकडे येऊ. नमुना ५ हा या कागदांत सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत चांगला लिहिलेला मजकूर. त्यातही तक्ता आहे, पण रकाने वेगळे आहेत. अ: सामनेवाल्यानं केलेला हिंसाचार. ब: त्याचे तिच्यावर झालेले परिणाम. क: त्या हिंसाचाराबद्दल तिला वाटणारी भीती. ड: सुरक्षेसाठी लागणारे उपाय. ई: न्यायालयाकडून हवे असलेले आदेश.

उभ्या ओळींमध्येही घर ओळखणाऱ्या माणसाची नजर दिसते. गळा दाबण्याचा प्रयत्न ही स्वतंत्र ओळ आहे. मुलांना मारणं ही स्वतंत्र ओळ आहे. सामनेवाल्यानं आत्महत्येची धमकी देणं हीसुद्धा एक ओळ आहे. 'तू गेलीस तर मी जीव देईन' हे वाक्य आपल्या सिनेमांनी आणि गाण्यांनी प्रेमाच्या खात्यात जमा केलं आहे. इथे ते हिंसाचाराच्या रकान्यात बसवलं आहे. नमुना १ मधल्या त्या 'जवळिकी'च्या ओळीला याच नियमांमधून मिळालेलं हे उत्तर म्हणता येईल.

पण खरा फरक काळाचा आहे. घटना अहवाल भूतकाळात बोलतो आणि अर्जही बराचसा भूतकाळातच रमतो. 'क' रकाना भविष्यकाळात विचारतो: तुला कशाची भीती वाटते? संरक्षण आदेश हीच मुळात भविष्याची गोष्ट आहे. तो झालेल्या मारहाणीची शिक्षा देत नाही, होऊ घातलेल्या मारहाणीला आडवा येतो. शिक्षा येते ती आदेश मोडल्यावर: कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कलम ३२ म्हणतं की आदेश मोडला हे ठरवायला त्या बाईची एकटीची साक्षही न्यायालयाला पुरेशी मानता येते.

म्हणजे साखळी अशी. भीती नेमकी लिहिली तर आदेश नेमका निघतो. आदेश नेमका असेल तर तो मोडल्याचं सांगता येतं. 'अर्जदारास त्रास देऊ नये' असा आदेश मोडला की नाही यावर वर्षभर वाद घालता येईल. 'शाळा सुटण्याच्या वेळी शाळेच्या फाटकाशी येऊ नये' हा आदेश मोडला की नाही हे एका वाक्यात सांगता येतं. आमच्याकडे अटी लिहिताना विचारतात, ही तपासता येईल का? तपासता न येणारी अट म्हणजे सदिच्छा. 'क' रकाना हा सदिच्छेची अट करण्याची जागा आहे, आणि स्टँडच्या आवाजाला या सगळ्या कागदांत घर मिळत असेल तर ते इथेच.

शपथपत्रातही अशी एक जागा आहे. सामनेवाल्यानं कोणती धमकी दिली आहे, यासाठी तिथे एक ओळ कोरी सोडली आहे. कलम २३ प्रमाणे या शपथपत्राच्या आधारे, समोरच्याचं ऐकून न घेताही, अंतरिम आदेश देता येतो. कायद्यानं पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल शक्यतो साठ दिवसांत असं म्हटलं असलं, तरी तारखा कशा लांबतात हे कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळलेल्या कुणालाही माहीत आहे. म्हणून त्या पहिल्या दिवशीच्या कागदाला इतकं महत्त्व. त्या दिवशी ती कोरी ओळ 'जिवे मारण्याची धमकी दिली' एवढ्यावर भरली जाते. कुठल्या शब्दांत दिली, कुणासमोर, त्यानंतर त्यानं काय केलं, यासाठी जागा तेवढीच लागते, फक्त विचारणारा थांबावा लागतो.

तो वाचक

एक अडचण मात्र उरते, आणि ती लिहिणाऱ्याच्या हातातली नाही. हे सगळे कागद तोही वाचणार असतो. अर्जाची प्रत नोटिशीबरोबर त्याच्याकडे जाते, आणि ते न्याय्यच आहे, कारण आपल्यावर काय आरोप आहे हे कळण्याचा हक्क त्यालाही आहे. पण त्यामुळे 'क' रकाना दुधारी होतो. तिला कशाची भीती वाटते याची यादी ज्याची भीती वाटते त्याच्या हाती पडते. नमुना १ मध्ये सामायिक घराच्या पत्त्याखालीच 'सध्याचा पत्ता' आहे. तो त्याच्यापासून गुप्त ठेवावा, असं सांगायला नमुन्यात चौकट नाही.

नियमांना हा धोका माहीत नव्हता असं म्हणता येत नाही. बाईची इच्छा असेल तर ती निवारागृहात आहे हे समोरच्याला कळू द्यायचं नाही, असं नियम १६ सांगतो. कलम १६ प्रमाणे सुनावणी बंद दाराआड होऊ शकते. माणसाला लपवण्याची सोय आहे, दार लावण्याची सोय आहे, कागदाला मात्र दार नाही. एक चौकट वाढवायला फार काही लागत नाही, हे मी धंद्याच्या अनुभवानं सांगते. लागतं ते एवढंच, की मसुदा करताना कुणीतरी विचारावं, हा कागद आणखी कोण वाचणार आहे? लेखकानं आपला वाचक ओळखावा असं आपण म्हणतो. या मजकुराला एक वाचक असा आहे ज्याच्यापासून पळूनच तो लिहिला जातो आहे.

म्हणून या कागदांची निंदा करून थांबणं मला पटत नाही. त्यांच्यात दोन भाषा भांडत आहेत. एक झालेल्याचा पुरावा मागते, दुसरी होणाऱ्याची काळजी करते. आपण पहिलीला पुढे ठेवतो, दुसरी आराखड्यात मागे पडून राहते. क आणि ड हे रकाने बाईनं कोरे सोडले तर संरक्षण अधिकाऱ्यानं तिच्याशी बोलून, तिच्या संमतीनं ते भरून न्यायालयाला द्यावेत, असं नमुना ५ च्या माथ्यावरच लिहिलं आहे. म्हणजे कोरा 'क' रकाना ही तिची चूक धरायची नाही, ते कुणाचं तरी राहिलेलं काम आहे.

तुमच्या ओळखीत कुणी असा अर्ज करायला निघाली आणि तुम्ही सोबत गेलात, तर टेबलाशी बसल्यावर 'कधीपासून मारतो?' या प्रश्नानं सुरुवात होईल. तो प्रश्न लागणारच आहे. त्याआधी घरीच, चहा होईपर्यंत, तिला दुसरा विचारून घ्या: आज संध्याकाळी तो काय करेल असं तुला वाटतं? ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा, आणि वकिलाला म्हणा, हे बदलू नका.